मीटर काढल्यावर मिळणारं अभय

मार्चचा तिसरा आठवडा लागला की गल्लीत लाइनमन दिसला तरी काही घरांत चलबिचल सुरू होते. एरवी याच माणसाची वाट पाहिली जाते. पावसात फेज गेला, डीपीवर ठिणगी उडाली की त्याला फोनवर फोन. मार्चएंडला मात्र त्याच्या खिशात पक्कडीच्या जोडीला घडी घातलेली यादी असते. ग्राहक क्रमांक, नाव, पत्ता, थकबाकी. दारातली बाई म्हणते, "दादा, सोमवारी पगार होतोय, तेवढं थांबा." तो म्हणतो, "वहिनी, माझ्या हातात काय आहे? साहेबांशी बोला." साहेबांचा फोन एंगेज लागतो. पाच मिनिटांत खांबावरची सर्व्हिस वायर सुटते, तिचं वेटोळं करून खांबालाच अडकवलं जातं, आणि आतल्या खोलीतला पंखा दोन-चार फेरे घेऊन थांबतो.

शेजारी विचारतात, "अहो, सरकारची काहीतरी योजना आहे ना?"

असते. निदान अधूनमधून येते. तिचं नावही मोठं ऐटदार आहे : अभय योजना. पण अभय कुणाला, कशापासून आणि कधी, हे जाहिरातीच्या बारीक अक्षरांत वाचावं लागतं. महाराष्ट्रात थकलेल्या बिलाला सरकार किंवा सरकारी कंपनी जी मदत करते, ती पैसे देऊन नव्हे, तर व्याज सोडून. आणि तीही बहुतेकदा तार तुटून, मीटर निघून, ग्राहकाचं नाव 'पीडी'च्या यादीत गेल्यावर. पीडी म्हणजे 'पर्मनंट डिसकनेक्टेड', कायमस्वरूपी वीज तोडलेला ग्राहक. वीज कचेऱ्यांत हा शब्द इतका रुळलेला आहे की "त्यांचं पीडी झालंय" हे वाक्य एखाद्या आजाराबद्दल बोलावं तशा सुरात बोललं जातं.

व्याज सोडणं आणि बिल भरणं या दोन्हींत केवढं अंतर आहे, हे २०२१ च्या मार्चमधल्या दोन तारखा शेजारी ठेवल्या की कळतं.

आधीच्या वर्षी टाळेबंदीत मीटर रीडिंग बंद पडलं होतं. एप्रिल-मेची बिलं सरासरीने गेली, आणि ती सरासरी थंडीच्या महिन्यांची, म्हणजे कमी वापराची. उन्हाळाभर लोक घरात कोंडलेले, पंखे-कूलर अखंड चालू. जूनमध्ये रीडिंग सुरू झालं आणि सगळा फरक एकाच बिलात आला. त्या बिलाने राज्यभर गहजब केला. महावितरणने तीन हप्ते आणि एकरकमी भरणाऱ्याला २ टक्के सूट दिली. बिलांत सवलत मिळणार अशी आशा राजकारण्यांनी बरेच महिने जागती ठेवली आणि नोव्हेंबरमध्ये तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी हात वर केले. नव्या वर्षात वीजतोड सुरू झाली. २ मार्च २०२१ ला विधानसभेत गदारोळ झाला तेव्हा उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सभागृहात चर्चा होईपर्यंत वीजतोडणीला स्थगिती दिली. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, १० मार्चला, ती उठली.

दुसऱ्याच दिवशी, ११ मार्च २०२१ ला, अमेरिकेत अध्यक्ष जो बायडन यांनी एका अवाढव्य मदत कायद्यावर सही केली. त्यात थकलेलं घरभाडं आणि वीज-पाण्याची बिलं भरण्यासाठी सुमारे साडेएकवीस अब्ज डॉलर होते. आधीच्या डिसेंबरात मंजूर झालेले २५ अब्ज धरले तर साडेसेहेचाळीस अब्जांच्या वर. तिथे सरकार थेट घरमालकाला आणि वीज कंपनीला भाडेकरूच्या वतीने पैसे देणार होतं. भारतीय वाचकाला हे स्वप्नवत वाटेल. पण त्या स्वप्नालाही अर्जाने गाठलंच. उत्पन्नाचा पुरावा आणा, भाडेकरार आणा, नोकरी साथीमुळेच गेली हे दाखवा, घरमालकाची सही आणा. बऱ्याच जणांकडे लेखी करारच नव्हता, आणि काही मालकांना भाड्यापेक्षा खोली रिकामी होण्यात रस होता. जुलै २०२१ संपेपर्यंत या रकमेतले जेमतेम ११ टक्के लोकांपर्यंत पोचले होते. शेवटी ऑगस्टमध्ये तिथल्या अर्थखात्याने राज्यांना ठणकावलं, की कागद नसेल तर अर्जदाराचं स्वतःचं लेखी निवेदन पुरावा म्हणून चालवून घ्या. त्यानंतर पैसा वाहू लागला. तिजोरी भरलेली असूनही मदत अडते ती खिडकीवर, हा अनुभव आपल्याला नवा नाही. फक्त तो डॉलरमध्येही तसाच असतो, हे पाहून थोडं बरं वाटतं.

आपल्याकडे तिजोरीचा प्रश्नच आला नाही. आपल्याकडे आलं अभय.

१ मार्च २०२२ ला महावितरणने विलासराव देशमुख अभय योजना सुरू केली. ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत ज्यांची वीज कायमची तोडली गेली त्यांच्यासाठी. कंपनीने तेव्हा दिलेले आकडे पाहण्यासारखे आहेत. शेतीचे ग्राहक वगळून सुमारे ३२ लाख पीडी ग्राहक आणि नऊ हजार कोटींच्या वर थकबाकी, त्यातली मूळ रक्कम सव्वासहा हजार कोटींच्या आसपास. म्हणजे थकबाकीतला साधारण तिसरा हिस्सा व्याज आणि विलंब आकाराचा होता. योजना ऑगस्टअखेर संपली. दोन वर्षांनी, १ सप्टेंबर २०२४ ला, 'महावितरण अभय योजना' या नावाने तोच साचा पुन्हा आला. ३१ मार्च २०२४ पर्यंत पीडी झालेले ग्राहक पात्र, मुदत तीन महिन्यांची. ती वाढत वाढत ३१ मार्च २०२५ पर्यंत गेली. आपल्याकडे मुदत ही वाढवण्यासाठीच असते, असा लोकांचा समज आहे आणि तो दर वेळी खरा होतो.

साचा सोपा होता. व्याज आणि विलंब आकार संपूर्ण माफ. मूळ थकबाकीच्या ३० टक्के आधी भरायचे, उरलेले ७० टक्के सहा बिनव्याजी हप्त्यांत. सगळी मूळ रक्कम एकदम टाकणाऱ्या लघुदाब ग्राहकाला, म्हणजे आपल्यासारख्या घर-दुकानवाल्यांना, आणखी १० टक्के सूट; कारखान्यांसारख्या उच्चदाब ग्राहकांना ५ टक्के.

हिशेब करून पाहू. समजा जुन्या घराच्या बिलात मूळ थकबाकी ८,००० रुपये आणि त्यावर चढलेलं व्याज-विलंब आकार ३,००० रुपये, असे ११,००० दाखवत आहेत. योजनेत ३,००० गेले. हप्त्यांनी जायचं तर आधी २,४०० भरायचे आणि मग सहा महिने दरमहा साधारण ९३३. एकरकमी भरायचे तर ७,२०० मध्ये पाटी कोरी. हप्ता मध्येच चुकला तर माफ केलेलं व्याज परत मानेवर. पैसे भरल्यावर त्याच जागी पुन्हा जोडणी घेता येत होती, आणि जागा विकत घेतलेला नवा मालक किंवा ताब्यात असलेला माणूसही अर्ज करू शकत होता. अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर. लागतो तो मुख्यतः जुना बारा आकडी ग्राहक क्रमांक. तो नसतो तेव्हाच खरी धावपळ होते. म्हणून जुनी बिलं रद्दीत घालू नयेत. एक तरी कपाटात असावं.

आता यातली मेख. ज्याने बायकोचे कानातले गहाण टाकून, उसनवारी करून, विलंब आकारासकट बिल भरलं आणि मीटर वाचवला, त्याला या योजनेत काहीच नाही. तो कधी पीडी झालाच नाही. अभय मिळतं ते ज्याने वायर तुटू दिली त्याला. कंपनीच्या बाजूने यात तर्क आहे, आणि तो अगदी व्यापारी आहे : जिथे मीटरच नाही तिथे वसुलीची शेवटची चावीही कंपनीच्या हातातून गेलेली असते. चालू ग्राहकाला तार तोडण्याचा धाक दाखवता येतो. पीडीला कसला धाक दाखवणार? न्यायालयात दावे लावायचे तर पाच-सात हजारांसाठी वकिलाची फी कोण देणार? त्यापेक्षा व्याज सोडा आणि मुद्दल घ्या. तर्क पटतो. पण मग याला मदत म्हणू नये, तडजोड म्हणावं. आणि थकबाकीदाराला मदतीची खरी गरज तार तुटण्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत असते. तेव्हा योजना नसते. तेव्हा असतो फक्त कायदा, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो.

हा कायदा म्हणजे विद्युत अधिनियम २००३, कलम ५६. बिल थकलं तर कंपनी वीज तोडू शकते, हे त्यात आहेच. पण त्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. 'पूर्ण' या शब्दाला वजन आहे. नोटीस मिळाली तो दिवस आणि तोडायचा दिवस सोडून मधले पंधरा. बिलावरच बारीक छापलेल्या ओळीलाच नोटीस म्हणायचं का, यावरून वीज कचेऱ्यांत आणि तक्रार मंचांसमोर नेहमी वाद होतात. ग्राहकाने आपल्याकडून एवढं करावं : नोटीस कधी आणि कशी आली, याची तारीख लिहून ठेवावी.

त्याच कलमात एक परंतुक आहे, ते सोन्यासारखं आहे. बिलच चुकीचं आहे असं ग्राहकाचं म्हणणं असेल, तर त्याने निषेध नोंदवून एकतर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या बिलांची सरासरी, दोन्हींत जी कमी असेल ती भरावी. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. समजा दरमहा बाराशेचं बिल येणाऱ्या घरात अचानक अठरा हजारांचा कागद आला. बाई घाबरून दागिन्यांच्या डब्याकडे जाते. जायचं नसतं. सरासरी भरायची, अर्जात 'निषेध नोंदवून भरत आहे' असं स्पष्ट लिहायचं, मीटर तपासणीची मागणी करायची. मीटर सदोष निघाला तर जुनं बिल दुरुस्त होतं, आणि ती दुरुस्तीही मागच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरती होते, म्हणजे कंपनीलाही वर्षानुवर्षांचा हिशेब उकरता येत नाही.

बिल बरोबर आहे, फक्त पैसे नाहीत, अशी स्थिती असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा हप्ते मागायचे. इथे बहुतेक लोक एकच चूक करतात. ते तोंडी मागतात. खिडकीवरच्या कारकुनाला, लाइनमनला, ओळखीच्या नगरसेवकामार्फत. तोंडी मिळालेली मुदत पुढच्या यादीत उतरत नाही, कारण यादी संगणक काढतो आणि संगणकाला नगरसेवक ठाऊक नसतो. अर्ज उपविभाग कार्यालयाच्या अभियंत्याच्या नावाने, साध्या कागदावर, एका पानात लिहावा. ग्राहक क्रमांक, बिलिंग युनिट, एकूण थकबाकी, का थकली हे दोन ओळींत, आज किती भरू शकतो आणि उरलेले किती हप्त्यांत, कोणत्या तारखांना. घरात आजारी माणूस ऑक्सिजन यंत्रावर असेल, परीक्षेचं पोर असेल, तर तेही लिहावं. त्याने नियम बदलत नाही, पण समोरच्या माणसाला निर्णय घ्यायला आधार मिळतो. सोबत त्याच दिवशी काहीतरी भरून त्याची पावती जोडावी. रिकाम्या हाताने आलेला अर्ज आणि दोन हजारांच्या पावतीसकट आलेला अर्ज एका ढिगात पडत नाहीत, हे कुठल्याही कचेरीत बसलेल्या माणसाला विचारावं. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नये. पोच नसलेला अर्ज केलाच नाही असं धरलं जातं.

सुरक्षा ठेव विसरू नये. जोडणी घेताना भरलेली आणि नंतर बिलांसोबत वाढवलेली ठेव कंपनीकडे पडून असते, तिच्यावर दर वर्षी व्याजही जमा होतं. वीज कायमची तोडली की ती थकबाकीतून वळती व्हायला हवी. कागदावर ती वळती झाली का, हे आकडे जुळवून पाहावं लागतं.

थकबाकी वाढते कशी, हेही बिलावरच वाचता येतं, पण कुणी वाचत नाही. बिल काढल्यापासून सात दिवसांत भरलं तर तत्पर भरणा म्हणून एक टक्का सूट. देय तारीख चुकली की सव्वा टक्का विलंब आकार. त्यानंतर राहिलेल्या रकमेवर व्याज, आणि थकबाकी जुनी होईल तसा व्याजाचा दर चढत जातो. तार तुटली तरी व्याज थांबत नाही. म्हणूनच विलासराव देशमुख योजनेच्या आकड्यांत व्याजाचा वाटा इतका मोठा दिसला : अंधारात पडलेल्या, कुलूप लागलेल्या घरांवरही वर्षानुवर्षं ते चढत राहिलं होतं.

ते घर मग विकलं जातं. नवा मालक रंग काढतो, मीटरसाठी अर्ज करतो, आणि संगणकावर आधीच्या मालकाची थकबाकी उभी राहते. "ती माझी नाही," तो म्हणतो. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच प्रश्नावर देशभरातली एकोणीस अपिलं एकत्र ऐकून निकाल दिला : राज्याच्या नियमांत तशी अट असेल तर कंपनी आधीची थकबाकी भरल्याशिवाय नवी जोडणी नाकारू शकते. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाच्या २००५ च्या पुरवठा संहितेने ही जबाबदारी आखून दिली होती. वारसाकडे सगळी थकबाकी येते. वारस नसलेल्या नव्या मालकाकडे जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या बिलाएवढीच. सध्या लागू असलेल्या संहितेतलं कलम मागून घेऊन, त्याचा क्रमांक अर्जात टाकूनच खिडकीवर जावं. घर घेताना सातबारा, इंडेक्स दोन, सोसायटीचं ना-हरकत सगळं तपासणारे लोक वीजबिलाची शेवटची प्रत मागायला विसरतात.

दुसऱ्या बाजूने, जुन्या थकबाकीलाही वय असतं. कलम ५६ चं दुसरं पोटकलम म्हणतं, रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर ती वसूल करता येत नाही. फक्त ती दरम्यान बिलांत सतत थकबाकी म्हणून दाखवलेली असेल तरच येते. फेब्रुवारी २०२० मध्ये अजमेरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा नेमका अर्थ लावला. कंपनीची चूक नंतर लक्षात आली तर ती जादा बिल पाठवू शकते, पण दोन वर्षांच्या मुदतीबाहेरच्या रकमेसाठी वीज तोडण्याचं हत्यार उपसू शकत नाही. वसुलीसाठी तिला दुसरा मार्ग धरावा लागेल.

हे सगळं उपविभागात ऐकून घेतलं नाही तर? कायद्याने प्रत्येक वीज कंपनीला ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच ठेवायला लावला आहे. गाऱ्हाणं उद्भवल्यापासून दोन वर्षांत तिथे जाता येतं, वकील लागत नाही. मंचाचा निकाल पटला नाही तर साठ दिवसांत विद्युत लोकपाल. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूर इथे आहेत. लोकपालांचे जुने आदेश संकेतस्थळांवर वाचायला मिळतात आणि ते कंटाळवाणे असतील असं वाटतं, पण नसतात. त्यांत पिठाची गिरणी आहे, बंद पडलेला पॉवरलूम आहे, भावाभावांच्या वाटणीत अडकलेलं मीटर आहे. राष्ट्रीय लोकअदालतीतही पीडीची प्रकरणं ठेवली जातात. तिथली नोटीस आली की लोक घाबरून दाराआड बसतात. उलट, तिथे जावं. घासाघीस होण्याची तीच एक जागा आहे.

मुंबईत एक घोटाळा नेहमी होतो. महावितरणची अभय योजना जाहीर झाली की दादरचा माणूसही चौकशीला जातो. शहरात वीज बेस्टची, उपनगरांत बहुतांशी अदानी आणि टाटा पॉवरची. महावितरण आहे ते मुलुंड-भांडुपकडे. महावितरणचं अभय तिच्या ग्राहकांपुरतं. पाणी वेगळंच. मुंबई महापालिकेने फेब्रुवारी २०२० मध्ये थकीत जलदेयकांसाठी स्वतःची अभय योजना काढली आणि मूळ बिल भरणाऱ्यांना वरचं अतिरिक्त शुल्क माफ केलं. शब्द तोच, पण खिडकी निराळी.

आणि घरभाडं? थकलेलं घरभाडं भरून देणारी योजना महाराष्ट्रात नाही. १७ एप्रिल २०२० ला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सांगितलं, की किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकला आणि भाडं थकलं म्हणून कुणाला घराबाहेर काढू नका. पुढे ढकला म्हणजे माफ करा नव्हे; चौथ्या महिन्यात मालक दारात उभा राहिलाच.

कायद्याचा आडोसा आहे, पण तो कुणाला हे पाहावं लागतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम १५ नुसार भाडं थकलं तरी मालकाला लेखी मागणीची नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावं लागतं. दावा लागल्यावरही भाडेकरूने समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी १५ टक्के व्याजासह कोर्टात भरली आणि पुढचं भाडं चालू ठेवलं, तर घर टिकतं. हे चाळीतल्या जुन्या पागडीवाल्या भाडेकरूला ढालीसारखं आहे. पण पुण्यात हिंजवडीजवळ अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा तरुण कायद्याच्या भाषेत भाडेकरू नाही. तो परवानाधारक आहे. त्याला ते नव्वद दिवस नाहीत. करार संपल्यावर जागा सोडली नाही तर दुप्पट शुल्काची भरपाई मात्र आहे.

भाडं थकलं की काही मालक कोर्टाच्या वाटेला जातच नाहीत. ते मीटरची कटआउट काढतात, पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करतात. त्याच अधिनियमाचं कलम २९ सांगतं, की योग्य कारणाशिवाय मालकाने भाडेकरूची अत्यावश्यक सेवा तोडू नये, आणि त्यात पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट, सफाई सगळं आलं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालक-भाडेकरूंच्या एका वादात आणखी स्पष्ट केलं : वीज ही मूलभूत सोय आहे, मालकाने ना-हरकत दिली नाही एवढ्यावरून भाडेकरूला ती नाकारता येणार नाही. अर्जदार त्या जागेत राहतो की नाही, एवढंच वीज कंपनीने पाहावं.

मुंबईत 'थकीत भाडं' हा शब्द बरेचदा उलटाच वापरला जातो. झोपडपट्टी पुनर्वसनात झोपडी पाडून बिल्डर रहिवाशांना बाहेर काढतो आणि नवी इमारत होईपर्यंत दरमहा भाडं द्यायचं कबूल करतो. प्रकल्प रखडतो, चेक थांबतात. म्हणजे थकबाकीदार बिल्डर आणि रस्त्यावर येण्याची वेळ रहिवाशाची. अशा तक्रारी इतक्या साचल्या, की २०२३ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने झोपड्या पाडण्याआधी दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करण्याची आणि पुढच्या वर्षाचे धनादेश देण्याची अट बिल्डरांवर घातली. ज्यांचं भाडं थकलं आहे त्यांनी बिल्डरच्या ऑफिसात चकरा मारण्यापेक्षा प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करावी. तिथेही पोच हवीच.

थकबाकीची भीती कुणाला धंद्याची वाटते हेही सांगायला हवं. २०२२ मध्ये लोकांच्या मोबाइलवर हिंदी-इंग्रजीत मेसेज येऊ लागले : तुमचं मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, खालच्या नंबरवर फोन करा. फोन केला की गोड बोलणारा माणूस एक ॲप घ्यायला लावायचा आणि खातं रिकामं व्हायचं. नियमित बिल भरणारे निवृत्त लोकही यात फसले, कारण रात्री साडेनऊला अंधार होईल ही कल्पनाच माणसाला विचार करू देत नाही. ज्याला कलम ५६ चे पंधरा दिवस ठाऊक आहेत, तो हा मेसेज वाचून हसतो. वीज कंपनी रात्रीत तार तोडत नाही आणि खासगी मोबाइल नंबरवरून कळवत नाही. शंका असेल तर १९१२ वर फोन करावा.

थकबाकी मागे लागली की ती दुसऱ्या दारांवरही उभी राहते. १४ एप्रिल २०२१ पासून अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना प्राधान्याने जोडणी देण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवनप्रकाश योजना आली. अनामत फक्त पाचशे रुपये, तीही पाच हप्त्यांत. चांगली योजना. पण अट होती की त्या जागेची जुनी थकबाकी नसावी. ज्या घरात आजोबांच्या नावाचं मीटर पंधरा वर्षांपूर्वी निघालं, त्या घरातल्या नातवाने आधी आजोबांचं बिल भरायचं आणि मग पाचशेची सवलत घ्यायची.

शेतीपंपांचं गणित याहून मोठं आहे, तिथे थकबाकी चाळीस हजार कोटींच्या घरात गेली होती आणि २०२० च्या धोरणात पहिल्या वर्षी भरणाऱ्याला सुधारित थकबाकीची निम्मी रक्कम माफ होती. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची चालू वीज मोफत झाली. पण ते निवडणुकीचं राजकारण आहे आणि त्यावर स्वतंत्र लिहायला हवं.

घरगुती ग्राहकाकडे परत येऊ. समजा अभय मिळालं, शेवटचा हप्ता गेला, लाइनमन पुन्हा शिडी लावून वर चढला, वायर जोडली, नवा मीटर लुकलुकू लागला. या वेळी चहाही झाला. महिन्याने पहिलं बिल येतं. तेव्हा एकूण रक्कम पाहण्याआधी 'थकबाकी' हा रकाना पाहावा. तिथे शून्य नसेल, जुना आकडा पुन्हा डोकावत असेल, तर सातही पावत्या, ३० टक्क्यांची एक आणि हप्त्यांच्या सहा, झेरॉक्स काढून त्याच खिडकीवर न्याव्यात. झेरॉक्सच द्यावी. मूळ पावत्या पुन्हा कपाटात.